एका रात्रीची वास्तू

आपला देह हेच साधन आणि तोच विषय मानून, सभ्य समाजाच्या भुवया वर जातील अशा रीतीने तो लोकांपुढे ठेवणारे जे कलावंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पुढे आले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आयुष्यात एक वळण हटकून येते. वयाच्या किंवा अनुभवाच्या एका टप्प्यावर ते देह आवरता घेतात आणि मैदान, रस्ता, नदीकाठ अशा सार्वजनिक जागी, एका माणसाच्या हातून होणार नाही एवढी प्रचंड रचना उभारू लागतात. कलासमीक्षेच्या परिभाषेत पहिल्या प्रकाराला परफॉर्मन्स आर्ट आणि दुसऱ्याला मांडणशिल्प म्हणतात. आणि या वळणावर टीकाकारांचा निवाडाही ठरलेला असतो की, बंडखोर निवळला, परवानग्या आणि देणग्या यांच्या मागे लागला, आणि जो काल दरबाराला डिवचत होता तो आज दरबारी रुजू झाला. हा निवाडा घाईचा आहे असे मला वाटते; आणि त्याची तपासणी करण्यास पॅरिस-न्यूयॉर्कची वाट धरण्याची गरज नाही, जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुके त्यास पुरेसे आहेत. कारण ज्याला आज कलाजगत नवे वळण म्हणते, ते या मुलुखातील तमाशाच्या फडांनी, कोणाच्याही समीक्षेची वाट न पाहता, पोटाच्या निकडीने कधीच घेतलेले आहे.

प्रथम एका परदेशी उदाहरणाचा परामर्श घेऊ, कारण त्याच्याशी ताडून पाहिल्याने घरचे उदाहरण अधिक स्पष्ट होते. जर्मनीचा योझेफ बॉइस हा असा कलावंत की, १९६५ साली त्याने आपल्या मस्तकाला मध आणि सोन्याचा वर्ख फासून, मेलेला ससा मांडीवर घेऊन, त्या सशाला चित्रांचा अर्थ समजावून सांगण्याचा प्रयोग केला. १९७२ साली ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीने प्रवेशाच्या नियमांवरून झालेल्या झगड्यात त्याला अध्यापकपदावरून दूर केले. आणि १९७४ साली न्यूयॉर्कला उतरल्यावर तो घोंगडीवजा जाड कापडात गुंडाळून रुग्णवाहिकेतून थेट एका कलादालनात गेला व तेथे कोयोट नावाच्या रानटी कोल्ह्याबरोबर तीन दिवस राहिला. अशा माणसाने १९८२ साली कासेल शहरातील डोक्युमेंटा प्रदर्शनात काय मांडावे? त्याने संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर बेसाल्टच्या सात हजार शिळांचा ढीग ओतला, आणि अट अशी घातली की शहरात एक झाड लागले म्हणजेच या ढिगातील एक शिळा उचलावी व ती त्या झाडाशेजारी रोवावी. शहराच्या दर्शनी जागी हा ओंगळ ढीग वर्षानुवर्षे पडून राहणार म्हणून नागरिक संतापले. परंतु ढीग हटवण्याचा एकच मार्ग त्याने त्यांच्यापुढे मोकळा ठेवला होता, तो म्हणजे झाडे लावणे. खर्चासाठी त्याने रशियाच्या एका झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती लोकांसमोर वितळवून तिचा ससा ओतला. १९८६ च्या जानेवारीत बॉइस वारला, आणि पुढच्या वर्षी शेवटचे झाड त्याच्या मुलाने लावले.

या हकिकतीत ध्यानी धरण्यासारखी गोष्ट ही की, कलावंताचा देह रंगमंचावरून उतरला तरी लोकांना डिवचणे काही थांबले नाही. पूर्वी बॉइसकडे पाहून माणसे अस्वस्थ होत, आता आपल्याच शहरात चालता-फिरता अस्वस्थ होऊ लागली. आणि पूर्वी ज्यांना पाठ फिरवून घरी जाता येत होते, त्यांना आता जाण्यास जागा उरली नाही. देहातील चिथावणी जागेत उतरली. हे सूत्र हाती घेऊन आपण नारायणगावास येऊ.

पुणे-नाशिक हमरस्त्यावरचे, मीना नदीच्या काठचे हे गाव टोमॅटोच्या बाजारासाठी जसे ठाऊक आहे तसेच तमाशाची पंढरी म्हणूनही ठाऊक आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे राहुट्या पडतात. राहुटी म्हणजे फडाची तात्पुरती कचेरी: चार बांबू, वर-बाजूने कापड, दर्शनी भागी फडमालकाच्या किंवा मालकिणीच्या नावाचा रंगीत फलक, आत एक टेबल, काही खुर्च्या आणि तारखांची वही सांभाळून बसलेला मॅनेजर. चैत्र-वैशाखातील गावजत्रांसाठी खेड, आंबेगाव, जुन्नर, पारनेर, संगमनेर आणि त्याहून दूरच्या मुलुखातून यात्रा कमिट्यांचे पुढारी येथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, नर्तकी किती, वग कोणता, सोंगाड्या कोण याची चौकशी करतात आणि घासाघीस होऊन सुपारी ठरते. तिच्यात रात्रीचा खेळ तर येतोच, शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे किंवा पारावर द्यावयाच्या हजेऱ्याही येतात. एकाच पौर्णिमेवर पाच-पन्नास गावांची जत्रा आली म्हणजे त्या तारखेचा भाव वधारतो आणि अवसेच्या आगेमागे तो खाली येतो. कलेचा असा उघडा, बिनदिक्कत आणि दोन्ही पक्षांना मान्य असलेला बाजार महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसेल.

याच गावाचे नाव आपल्या नावाला जोडून ज्यांनी ते महाराष्ट्रभर नेले, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरास, फड मुक्कामाला असताना झाला. आजे नारायण खुडे यांनी फड उभा केला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने गाजवला, आणि विठाबाईंनी त्याला अशी कीर्ती मिळवून दिली की १९५७ आणि १९९० असे दोन वेळा त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. त्यांच्या आयुष्यातील जी घटना सर्वतोमुखी आहे ती अशी सांगतात की, दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभ्या होत्या, नाचता-नाचता कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि प्रेक्षकांचा गलका वाढतो आहे हे पाहून पुन्हा बोर्डावर आल्या. तेव्हा वस्तुस्थिती कळलेल्या प्रेक्षकांनीच हात जोडून त्यांना विश्रांतीस पाठवले. योगिराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ या ग्रंथात त्यांचे चरित्र लिहिलेले आहे. देहाला साधन मानणाऱ्या कलेची कसोटी म्हणून जगभरचे समीक्षक ज्या प्रयोगांचे दाखले देतात, त्यांतील बहुतेक स्वेच्छेने पत्करलेले आणि पूर्वनियोजित आहेत. विठाबाईंचा प्रसंग यांपैकी काहीच नव्हता. तो ज्या सक्तीतून घडला तिचे नाव उपजीविका, आणि म्हणून त्याला केवळ धैर्याची गोष्ट म्हणून टाळ्या वाजवणे मला फारसे सभ्यपणाचे वाटत नाही.

तमाशा डिवचणारा होता यात शंका नाही. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, कुलकर्णीपण आणि ब्राह्मण्य सोडून फडात आले आणि हिवरगावची पवळा ही महार समाजातील कलावतीण त्यांची सहचारिणी झाली, तेव्हा समाज खवळला तो लावणीतील शृंगारापेक्षा या संगतीने अधिक. पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर अश्लीलतेच्या सबबीखाली मुंबई सरकारने तमाशावर बंदीचा हुकूम काढला, मग अटी घालून तो सैल केला, आणि वगाची संहिता आधी तपासून घेण्याची तजवीज झाली. सरकारला भय वाटले ते बोर्डावरच्या बाईचे आणि सोंगाड्याच्या जिभेचे. तपासनीस संहिता वाचत होते. परंतु ज्या काळात ते शब्द खोडीत होते, त्याच काळात फडाच्या हाती एक नवे साधन येत होते आणि ते कोणत्याही संहितेत लिहिलेले नव्हते. ते साधन म्हणजे तंबू.

पूर्वी फड गावात येई तो पाहुणा म्हणून. पाटलाच्या वाड्यापुढे, चावडीजवळ किंवा देवळाच्या पटांगणात, हिलाल-पलित्यांच्या उजेडात, ढोलकी, कडे, तुणतुणे आणि हलगी यांवर खेळ होई. जागा गावाची, उजेड गावाचा, आणि बसण्याची रीतही गावाची. म्हणजे कोणी पुढे बसावे, कोणी मागे उभे राहावे आणि कोणी कडेने दुरून पाहावे हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने ठरलेले. फडातील मंडळी बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी आणि तत्सम समाजांची. ज्या गावाने रात्री त्यांच्यावर दौलतजादा केला त्याच गावाच्या पाणवठ्यावर सकाळी त्यांना घागर बुडवता येत नसे. मुंबईच्या तमाशा थिएटरांनी तिकीट आणले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तुकाराम खेडकर, कांताबाई सातारकर, विठाबाई, दत्ता महाडिक यांसारख्यांच्या फडांनी ते तिकीट कनातीत बांधून खेडोपाडी फिरवले. म्हणजे फडाने गावात जागा मागणे सोडून गावाबाहेर स्वतःची जागा उभारली.

ही जागा कशी उभी राहते ते जवळून पाहण्यासारखे आहे. रात्री दोन-तीनला मागल्या गावचा खेळ संपला की बिगारी लगेच मेखा उपटू लागतात. पहाटेच्या सुमारास ट्रक भरतात, बायका-मुले आणि वादक गाडीत पेंगतात, आणि ऊन चढायच्या आत ताफा पुढच्या गावच्या पडीक रानात किंवा बाजारतळावर पोहोचतो. तेथे आधी उतार पाहतात, कारण प्रेक्षकाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसले पाहिजे. मग वाऱ्याची दिशा पाहतात, कारण कापड फाटते ते वाऱ्याने. खांब उभे राहतात, घणाचे घाव पडून मेखा जमिनीत जातात, तणावे ओढले जातात, आणि सभोवार कनात फिरते. लोखंडी अँगलच्या चौकटीवर फळ्या टाकून बोर्ड तयार होतो. त्यावर पुढे दहा-पंधरा बायकांच्या पायांतील चाळ एकदम पडणार असल्याने एक माणूस प्रत्येक फळीवर उड्या मारून तिची खातरजमा करतो. मागे कलावंतांच्या छोट्या राहुट्या पडतात, पत्र्याच्या पेट्यांवर आरसे टेकवले जातात, चुली पेटतात. पुढे तिकीटबारी लागते. एक जीप कर्णा लावून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पुकारत फिरते. सूर्य मावळता-मावळता जनरेटर धडधडू लागतो आणि जेथे सकाळी ढेकळे होती तेथे हजारो माणसांचे सभागृह उभे असते. पहाटे ते नाहीसे होते. दसऱ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत ही वास्तू रोज बांधली जाते आणि रोज मोडली जाते. मांडणशिल्पाची कोणतीही व्याख्या घेतली तरी तीत हे बसते, आणि कलादालनातील बहुतेक मांडणशिल्पांना जी परीक्षा कधी द्यावी लागत नाही, म्हणजे आजच्या रात्री लोक आले नाहीत तर उद्याचे डिझेल मिळणार नाही ही, ती याला दररोज द्यावी लागते.

आता या वास्तूतील चिथावणी पाहा. कनातीच्या आत प्रवेश तिकिटाने. दरांचे भेद होतेच, पुढची जागा महाग आणि मागची स्वस्त. परंतु हे भेद पैशाचे होते, आणि पैसा हा कितीही निष्ठुर असला तरी तो पिढीजात नसतो. ज्याच्या खिशात पुढच्या जागेचे पैसे त्याच्या शेजारी कोण येऊन बसेल यावर गावकीचा काही हुकूम चालेना. बोर्डावर जी सोंगाड्या आणि सरदार यांची जुगलबंदी चाले, तिच्यात पाटील, सावकार, पुढारी यांची टर उडे. ती पूर्वीही उडत असे, पण पूर्वी तिची शिक्षा किंवा बक्षिसी पाटलाच्याच हाती होती, आता सोंगाड्याचा मेहनताना तिकीटबारीतून येई आणि पाटील हा अनेकांतला एक गिऱ्हाईक झाला होता. तपासनीसांनी लावणीतला एखादा शब्द काढला असेल-नसेल; या बैठकीच्या रचनेतला एकही दोर त्यांना हलवता आला नाही. एक उणीव मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे: हा तंबू दीर्घकाळ पुरुषांचाच राहिला, आणि ज्या कलेच्या मालकिणी बायका होत्या तिच्या प्रेक्षकांत बायका क्वचितच होत्या.

नारायणगावच्याच जुन्नर तालुक्यात मोठ्या सार्वजनिक मांडणीचा दुसरा, अगदी उलट्या जातीचा नमुनाही आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असून त्यात यज्ञांची आणि गाई, घोडे, हत्ती अशा दक्षिणेची मोजदाद आहे. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका आणि राजकुळातील इतरांच्या मूर्ती नावांसह कोरलेल्या होत्या. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे आणि जकातीचे नाणे त्यात टाकीत असत असे लोक सांगतात. व्यापाऱ्याने बैलांच्या तांड्यासह चढून यावे, धापा टाकीत थांबावे आणि समोर राजघराणे उभे असावे, अशी ती योजना. वाटसरूला सत्तेची जाणीव देणारी आणि बेसाल्टच्या कड्यात कायमची कोरलेली. आज त्या मूर्ती भंगून गेल्या आहेत; पावलांच्या खुणा आणि नावे तेवढी उरली आहेत. बॉइसच्या शिळाही बेसाल्टच्याच; फरक एवढाच की एकाने दगडात स्वतःला कोरून ठेवले आणि दुसऱ्याने दगड हलवण्याचे काम लोकांवर सोपवले. टिकण्याची शक्ती हीच सार्वजनिक कलेची मोठेपणाची खूण मानणाऱ्यांनी नाणेघाटाचा चढ एकदा अवश्य चढावा.

आंबेगाव तालुक्यात हा विषय कलेच्या मर्यादेबाहेर जातो आणि तेथे लेखणी जपून चालवावी लागते. महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात विलायती कापडाने भरलेल्या मोटारीपुढे आडवा झाला आणि ती त्याच्या अंगावरून गेली. त्या बलिदानाला कलाप्रयोग म्हणणे हा अपमान होईल. परंतु भर रस्त्यात ठेवलेला एक निःशस्त्र देह किती बोलू शकतो याचे प्रमाण म्हणून प्रत्येक देहकलावंताने ते नाव स्मरावे. पुढे घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले आणि त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव देण्यात आले. देहाचे स्मारक प्रचंड सार्वजनिक बांधकामात झाले. आणि त्याच पाण्याखाली महादेव कोळ्यांची गावे, जमिनी आणि ज्याच्यावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही गेले. सत्तेपुढे आडवा पडणाऱ्याचे नाव सत्तेच्या बांधकामाला दिले, म्हणजे त्याचा सन्मान झाला, तरी त्याचा प्रश्न तेथे संपत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरून जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडतात तेव्हा तो पुन्हा वर येतो.

सत्तेच्या बांधकामापुढे माणसाच्या देहाचे काय, हा प्रश्न शहरातील मराठी कलावंतांपैकी ज्यांनी ओळखला त्यांत मुंबईचे तुषार जोग (१९६६–२०१८) यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांनी युनिसेल नावाचे एका माणसाचे सार्वजनिक बांधकाम खाते काढून सरकारी खात्याच्याच भाषेत सरकारी कारभाराची फिरकी घेतली. आणि २०१० साली मोटरसायकलवरून मुंबईहून निघून, सरदार सरोवर आणि चीनमधील थ्री गॉर्जेस या दोन धरणांची वाट घेत शांघाय गाठले. धरणापुढे एका स्वाराचा देह किती क्षुद्र दिसतो हे त्यांना दाखवायचे होते, असे मी त्या प्रवासाचे तात्पर्य समजतो. जोगांनी खात्याचे सोंग घेतले. नारायणगावच्या फडाला मात्र खऱ्या खात्यांशी रोज गाठ घालावी लागते.

कारण तंबूच्या या वास्तूचे निम्मे बांधकाम कागदावर होते. ग्रामपंचायतीची जागा, पोलीस ठाण्याची परवानगी, बंदोबस्ताचा अर्ज, वीज, वाहनांचे परवाने. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर कर्णा बंद, म्हणजे ज्या वेळी वगाला रंग चढायचा त्याच वेळी. कलावंतांना हंगामाच्या आरंभी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यावी लागते, मालक ती कर्ज काढून देतो, आणि हंगाम बुडाला की कर्ज तेवढे उरते. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे कोरोनाच्या साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा राहुट्या ओस पडल्या. २०२१ च्या मे महिन्यात कांताबाई सातारकर त्याच साथीत गेल्या. तंबूचे मोठे फड बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, आणि जत्रेत एका रात्रीचा ऑर्केस्ट्रा कमी माणसांत व कमी कटकटीत मिळतो म्हणून कमिट्यांचा कल तिकडे झुकतो आहे.

शासनाने विठाबाईंच्या नावाने २००६ पासून जीवनगौरव पुरस्कार ठेवला आहे, आणि तो योग्यच आहे. स्वतः विठाबाईंचे अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. तथापि पुरस्कार मिळतो तो देहाला, तोही बहुधा थकल्यावर. फडाने केलेली दुसरी निर्मिती, म्हणजे ही रोज उभी राहणारी आणि माणसांना नव्या रीतीने शेजारी-शेजारी बसवणारी जागा, हिची दखल कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून तिचे रक्षणही कोणी करीत नाही. बाजारतळांवर गाळे बांधले जात आहेत, गावाबाहेरच्या पडीक रानांचे भूखंड पडत आहेत, आणि तंबू टाकायला सपाट मोकळी जमीन मिळेनाशी झाली आहे. पुतळा, कलादालन, स्मृतिभवन यांची मागणी होते तेव्हा मला नाणेघाटातील ती पावले आठवतात. जुन्नर-आंबेगावातील प्रत्येक जत्रेच्या गावी गायरानातील एक मैदान फडासाठी राखून त्याची नोंद सरकारी कागदावर व्हावी, तेथे पाणी, वीज आणि बायकांसाठी आडोसा असावा, जत्रेच्या रात्रींचा परवाना हंगामाच्या आरंभी एकदाच आणि एकाच कचेरीत मिळावा, आणि उचलीसाठी फडमालकाला सावकाराऐवजी बँकेच्या दारात उभे राहता यावे, एवढ्या चार गोष्टींना स्मारकाहून कमी खर्च लागेल. त्या झाल्या की नाही हे तपासायला समितीचीही गरज नाही. पुढच्या दसऱ्याला नारायणगावातून किती ट्रक तंबू भरून बाहेर पडतात ते हमरस्त्यावर उभे राहून कोणालाही मोजता येईल.